मस्करीचं नातं

मेहकरच्या स्टँडवर जालन्याची बस उभी होती आणि मी खिडकीशी बसलो होतो. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. पुण्याच्या एका सरकारी कचेरीत मला कारकुनी लागली होती. मळ्यात पाणी सुरू होतं म्हणून बाबा आले नव्हते. थोरला भाऊ आणि वयनी पोचवायला आले होते.  वयनी कंडक्टरजवळ गेली आणि माझ्याकडे बोट दाखवून सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कंडक्टरभाऊ, आमचं हे वांग्याचं टोपलं पुण्याले चाल्लं. मधातच कुठी उतरवू नोका. सामानाचं तिकीट लागत असन त सांगा, काढतो."

आमच्याकडे बायकाही 'काढतो', 'येतो' असंच बोलतात.

बसमधली माणसं हसली, मीही हसलो. मग ती एकाएकी तिकीटखिडकीच्या आडोशाला गेली आणि बस सुटेपर्यंत बाहेर आली नाही. तिथं ती रडत होती, हे भावानं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

वयनी लग्न होऊन आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. नाक वाहत असलेल्या मला तिनं पहिल्या दिवसापासून 'भाऊजी' म्हटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मस्करी सुरू केली. माझ्या चड्डीची, पाढ्यांची, पुढं कधीतरी होणाऱ्या बायकोची. "भाऊजी, तुमची बायको तुमाले पाहून माहेरीच बसन, पाहा."

मस्करी हा शब्द आमच्या घरात मिठासारखा होता. बाजारात कोणी वांगी फुकटात मागितल्यासारखी मागितली की बाबा म्हणायचे, "मस्करी करून राह्यले का हो?" विहिरीवरचा बैल मध्येच अडला तर तोही मस्करी करून राह्यला. शेजारचा म्हातारा गेल्याचा निरोप आला तेव्हा आई आधी म्हणाली, "मस्करी नोको करू बे," आणि मग मटकन खाली बसली. पण माणसानं माणसाची मस्करी करायची तर तिला कायदा होता. बाबांचं वाक्य होतं, "मस्करी कराले नातं लागते." भावजयीनं धाकट्या दिराची करायची, दिरानं उलटून भावजयीची. थोरल्या दिराची, म्हणजे भासऱ्याची, कधीच नाही. भासरा समोर आला की बाईनं पदर पुढं ओढायचा, त्याच्याशी थेट बोलायचंसुद्धा नाही. आणि जी करायची ती तोंडावर करायची, म्हणजे समोरच्याला उत्तर देता येतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. मी अजाणतेपणी केलं, असं म्हणायची सोय मला नाही.

कचेरीत पहिल्याच आठवड्यात मी "मले पेन्सिल पायजे" म्हणालो आणि चार टेबलं हसली. त्यात वाईट असं कोणी नव्हतं. पण मी त्या रात्री जेवलो नाही. महिनाभर घोकून मी 'मला' म्हणायला शिकलो, 'काऊन'चं 'का' केलं. तेवढ्यानं भागेना. मग मला एक युक्ती सापडली. ते माझ्यावर हसायच्या आत मीच त्यांना हसायला दुसरं कोणीतरी द्यायचं. ती वयनी होती.

डबा खाताना मी तिचा आवाज काढायचो. बसस्टँडचा प्रसंग तर इतका रंगला की दर नव्या माणसाला तो ऐकवावा लागे. त्यात मी एक फरक केला होता, आणि तो आज लिहिताना हात अडतो. माझ्या गोष्टीतली वयनी थट्टा करत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की माणसाला सामानाचं तिकीट लागतं. "मले काय मालूम बाप्पा," असं ती शेवटी म्हणायची. हे वाक्य ती कधी बोललीच नव्हती. ते माझं होतं.

तिसऱ्या वर्षी भाऊ आणि वयनी पुणं पाहायला आले. येताना ज्वारीचं पीठ, ठेचा आणि फडक्यात बांधलेली वांगी आणली. कचेरीतले दोघं-तिघं आपणहून चहाला आले. मी टाळायला हवं होतं. वयनीनं त्यांना बसायला सतरंजी घातली आणि म्हणाली, "बसा, च्या आनतो." त्यातल्या दांडेकरनं दुसऱ्याकडे पाहून डोळा बारीक केला. मग तो वयनीला म्हणाला, "वहिनी, यांचं तुम्ही सामानाचं तिकीट काढायला निघाला होतात म्हणे!"

वयनी खुलली. तिला वाटलं, दिराचे मित्र म्हणजे दीरच. "हाव त! काढलंबी असतं, पन कंडक्टर म्हने, वांगे सडेल दिसतेत."

काय उत्तर होतं ते! पण दांडेकरला ते ऐकायचंच नव्हतं. त्याला माहीत असलेला शेवट हवा होता. त्यानं मान वाकडी केली, आवाज चिरका केला आणि म्हणाला, "'मले काय मालूम बाप्पा!'"

मी काढायचो तसाच, हुबेहूब. तिचा आवाज परक्या माणसाच्या तोंडून आला. वयनीनं त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी कपबश्या मोजत असल्यासारखं केलं. मग तिनं पदर कपाळापर्यंत ओढला आणि आत गेली. चहा भावानं आणून दिला.

 त्या दिवसापासून मी तिचा भासरा झालो. गावी गेलो की पाट मांडलेला, तांब्या भरलेला, भाकरी गरम. ती दाराआडून माझ्या पुतण्याला, बापूला, सांगते, "काकाले विचार, भाजी पायजे का." एकदा मी धीर करून म्हणालो, "वयनी, पुण्याचं ते तेव्हाचं..." आतून आवाज आला, "बापू, त्यायले सांग, आमाले काई आठोत नाई."

वयनी, बापू हे तुम्हाला वाचून दाखवील. तुम्ही भोळ्या नव्हता. भोळ्या मी तुम्हाला केल्या, चार लोकांत बसायला जागा मिळावी म्हणून. गाव सोडून गेलेल्या माझ्यासारख्यांनी असं काय काय विकलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

गेल्या दिवाळीत जेवत होतो. अंगणात शेजारचा एक तरुण कुदळ मागायला आला. नात्यानं तो वयनीचा धाकटा दीर. मला ऐकू आलं, "काऊन जी, लगन जमलं म्हन्ते तुमचं? पोरीनं तुमाले पायलं, का नुसतं वावरच पायलं?"

"वयनी, तुमाले पाहून भाऊ पयून गेला नाई, त मले पाहून ते काऊन पयून जाईन?"

आणि वयनी हसली. सत्तरीला टेकलेली बाई, पण हसणं तेच, मधेच खोकल्यात जाणारं. किती वर्षांनी ऐकलं मी ते. माझं जेवण झालं होतं. हात धुवायला अंगणातच जावं लागतं. मी उठलो असतो तर तिनं पदर ओढला असता आणि सगळं थांबलं असतं. घर म्हणतात ते माझ्यापासून चार पावलांवर चालू होतं. बोटांवरचं पिठलं वाळून गेलं, तरी मी पाटावरून हललो नाही.