टोकाची थरथर

"बसून काय कळतंय?" असं म्हणत ती खुर्चीवरून उठायची आणि आमच्या पाठीमागं येरझाऱ्या घालायची. व्हाइटफील्डच्या त्या ऑफिसात ती सलग अर्धा तास एका जागी बसलेली मी कधी पाहिली नाही. ती निपाणीची. कन्नड मुलं तिला अक्का म्हणायची, मग पुण्याहून आलेला मीही तिला अक्काच म्हणू लागलो.

आमचं काम ऐकून तुम्ही हसाल. बर्फ कधी न पाहिलेले आम्ही, बंगळुरात बसून बर्फावर घसरायच्या स्की डिझाइन करायचो. त्यांची चाचणी तिकडं युरोपातल्या डोंगरावर व्हायची. नवी कुठली, जुनी कुठली हे चालवणाऱ्याला कळू नये म्हणून सगळ्या जोड्या काळ्या पट्टीनं झाकलेल्या. माणूस तोच, उतार तोच, जोडी तेवढी बदलायची. उन्हानं बर्फ मऊ व्हायच्या आत सगळं उरकायचं.

एकदा चाचणी घेणारी मुलगी उतारावरून खाली आली आणि व्हिडिओ कॉलवर धापा टाकत म्हणाली, "वेगात वळताना हिचं टोक थरथरतं. भीती वाटते." आमच्या पडद्यावरचा सेन्सरचा आलेख मात्र शांत होता.

आमचे साहेब नागपूरचे. म्हणाले, "आलेख तर बरोबर आहे नं? मग पुढे जाऊ."

अक्का म्हणाली, "सर, सेन्सर बुटाखाली बसवलाय. टोकाचं त्याला काय कळणार?"

"साचे तयार आहेत, अक्का. आता थांबलो तर हा हंगाम गेला."

"आणि वळणावर कुणी पडलं तर?"

अक्कानं मंजुरी द्यायला साफ नकार दिला. बरीच वादावादी झाली आणि शेवटी कंटाळून साहेबांनी तिलाच तिकडं पाठवलं.

तिनं टोकावर सेन्सर बसवला, त्या मुलीला तोच उतार पुन्हा उतरायला लावला आणि थरथर आलेखात उमटली. उत्पादन थांबलं. हंगाम खरंच गेला. अक्का परतली ती मनगटाला प्लास्टर घालून.

"हे काय गं?"

"मी पण चालवून बघितलं की. सोप्या उतारावर." मग हळूच म्हणाली, "पडताना लई भ्या वाटतंय रे."

साहेब बरेच दिवस तिच्याशी तुटक बोलत. पण त्या चाचणीवाल्यांनी तिला कायमचं बोलावलं, तेव्हा निरोपाच्या चहाला तेच म्हणाले, "तू थांबवलं ते बरं केलं." अक्काचे डोळे भरले. लगेच उठून ती खिडकीपाशी गेली.

परवा मी तिला फोन केला. वाऱ्यात तिचा आवाज तुटत होता. आईची तब्येत, मारतहळ्ळीचं ट्रॅफिक, सगळं तिला एका दमात विचारायचं होतं. मधेच म्हणाली, "ती चाचणीवाली खाली यायल्या बघ. दमल्यावर सगळं विसरतात, आधी विचारते."

फोन ठेवायचं तिला सुचलं नाही. बर्फात कचकच धावणारी तिची पावलं लांब जात राहिली. मग लांबून तिचा आवाज आला, मोडक्यातोडक्या परक्या भाषेत ती कुणालातरी विचारत होती, भीती वाटली का, कुठं वाटली.