साडभाऊंची नजर लागलेली देवळं

एखादं जुनं देऊळ सात-आठशे वर्षं उभं असतं. ऊन, पाऊस, विजा, भिंतीतून वाढलेले पिंपळ, गावातल्या दोन पार्ट्यांची भांडणं, सगळ्यांना ते पुरून उरतं. मग एक दिवस आमचे साडभाऊ तिथे येतात, त्याचं तोंडभरून कौतुक करतात आणि त्यानंतर ते देऊळ काही दोन वर्षंही धड राहत नाही. लोणारच्या सरोवराभोवतीच्या टापूत त्यांनी कौतुक करकरून जेवढी देवळं घालवली, तेवढी भूकंपालाही घालवता आली नसती. आणि माणूस असा, की चुकून एखाद्या कोरीव दगडाला पाय लागला तर वाकून नमस्कार करील.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अकोल्याला राहतात. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात त्यांची उभी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर चारचौघं सकाळी फिरायला जातात, नातवंडांना शाळेत सोडतात. यांनी एक जुनी पांढरी मारुती घेतली आणि लोणारची फेरी सुरू केली. दर हिवाळ्यात मी आदल्या दिवशी अमरावतीहून अकोल्याला जायचं, सकाळी त्यांच्या मंडळींनी, म्हणजे माझ्या आकडसासूबाईंनी, बांधून दिलेल्या दशम्या आणि ठेचा मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसायचं, पातूरचा घाट ओलांडायचा, मेहकर मागे टाकायचं आणि मग सरोवराच्या भोवती आडरस्त्यांनी हिंडत देवळं, बारवा, वीरगळ बघत सुटायचं. तीन देवळं झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही हा त्यांचा नियम. भुकेनं माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली तरी ते म्हणणार, "पाहुणे, दोन झाले. एकच राह्यलं."

गाडी चालवताना त्यांचं लक्ष रस्त्याकडे कमी आणि शेताच्या बांधाकडे जास्त. बांधावर जरा घडीव दगड दिसला, की भर रस्त्यात ब्रेक. मागचा ट्रॅक्टरवाला आमच्या सात पिढ्यांबद्दल जे बोलतो ते मला स्वच्छ ऐकू येतं, त्यांना येत नाही. ते काचेतून बोट दाखवत असतात. "थो पाहा, पाहुणे. थो काही बांधावरचा दगड नोहे. थो कोन्या तरी देवळाचा खांब हाये." मग उतरायचं, चिखल तुडवायचा, दगडावरची माती हातरुमालानं पुसायची आणि त्याच रुमालानं घाम.

एकदा एका गावात एक बाई दगडावर गोधडी आपटत होती. साडभाऊ तिच्यासमोर जाऊन उकिडवेच बसले. बाई घाबरली. हे म्हणाले, "बाई, ह्या दगडावर लढाईत मेलेला वीर हाये. घोडा हाये, तलवार हाये. वर चंद्र-सूर्य हायेत."

बाई म्हणाली, "मंग म्या काय करू भाऊ? मेला तं मेला. मले गोधड्या धुवाच्या हायेत. तुमाले एवढाच लाडका असन तं घेऊन जा, पन मले धुवाले दुसरा आनून द्या."

पुढच्याच आठवड्यात या गृहस्थानं अकोल्याहून शहाबादी फरशी डिकीत घालून नेऊन दिली. वीरगळ लिंबाखाली उभा केला, पाण्यानं धुतला, हात जोडले. त्या दिवशी ते इतके खुशीत होते, की डबा दोनच देवळं झाल्यावर उघडला. पुढच्या हिवाळ्यात गेलो तर लिंबाखाली पत्र्याचं शेड होतं आणि शेडात बोटभर जाडीच्या शेंदरात वीर गडप झाला होता. चांदीचे डोळे तेवढे आमच्याकडे बघत होते. तीच बाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन लगबगीनं आली. "तुमी सांगतलं म्हून देव गवसला भाऊ. आमी तं त्याच्यावर गोधड्या आपटत होतो." साडभाऊंनी शेंदरावरून अंगठा फिरवला आणि हळूच मला म्हणाले, "इथं चंद्र होता."

यातून दुसरा कोणी शहाणा झाला असता. साडभाऊंनी पुढच्याच गावात महादेवाच्या देवळासमोर माणसं गोळा केली आणि अर्धा तास भाषण ठोकलं. छताच्या मधोमध दगडात फुललेलं कमळ दाखवलं. म्हणाले, "असं कमळ अख्ख्या जिल्ह्यात नाई. तुमचं भाग्य हाये." भाग्य आहे म्हटल्यावर गाव कशाला गप्प बसतंय! दीड वर्षात त्यांना जीर्णोद्धाराचं आमंत्रण आलं, प्रमुख पाहुणे म्हणून. मीही गेलो. भिंतींना गुलाबी तैलरंग, खाली गुळगुळीत टाइल्स आणि त्या कमळाच्या बरोबर मध्यात भोक पाडून लावलेला पंखा. तो आमच्या स्वागतासाठी मुद्दाम चालू केला होता. संगमरवरी पाटीवर साडभाऊंचं नाव, त्याखाली 'प्रेरणास्थान'. शाल दिली, नारळ दिला आणि चार शब्द बोलायला उभं केलं. साडभाऊ माइकसमोर उभे राहिले, वर पंख्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. डोळे भरून आले. माणसाला गहिवरून आलं असं समजून गावानं कडाडून टाळ्या वाजवल्या.

परतीच्या वाटेवर त्यांनी एकाही बांधापाशी गाडी थांबवली नाही. मीच चिडून गावाला शिव्या घातल्या. ते म्हणाले, "कोनाले बोलता पाहुणे? थ्यायनं तं जीव लावून केलं. वाईट काम आपलं हाये. आपन बोललो." मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त त्यांची दया आली.

तेव्हापासून त्यांनी तोंडाला कुलूप घातलं, ते एका बारवेसाठी. सरोवरापासून थोड्या अंतरावर तुरीच्या शेतामागे ती होती. खाली उतरणाऱ्या पायऱ्या, कोनाड्यांत झिजलेल्या मूर्ती आणि तळाशी हिरवं, गार पाणी. आजवर तिला कोणी रंग लावला नव्हता की शेंदूर. गाडी लांब फाट्यावर ठेवायची आणि चोरासारखं जायचं. कोणी हटकलं तर "लघवीले थांबलो" म्हणायचं. तिथे ते मोजमाप घेत नसत, फोटो काढत नसत. नुसते पायरीवर बसत. एकदा म्हणाले, "बाकी सारं गेलं पाहुणे. एवढी एक राहू द्या देवा."

दोन वर्षांपूर्वी तिथे शेताचा मालक भेटला. म्हातारा, अगदी सरळ माणूस. त्यानं विचारलं, "भाऊ, तुमी जानकार दिसता. हे बारव काई कामाची हाये का?"

साडभाऊंचा चेहरा मी पाहत होतो. ओठांपर्यंत आलेलं सगळं त्यांनी गिळलं. "नाई बाप्पा," ते म्हणाले, "काई नाई. नुसते दगड हायेत." गाडीत बसल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "वाचवली!"

गेल्या हिवाळ्यात गेलो तर बारव नव्हती. जमीन सपाट होती आणि तिच्यावर हरभरा डोलत होता. म्हातारा आम्हाला बघून धावतच आला. "बुजवली भाऊ. ढोरं पडत होते तिच्यात. गावातले दोघं-तिघं म्हनत होते राहू द्या, जुनी हाये. म्या सांगतलं, जानकार मानसानं डोळ्यानं पाहून सांगतलं, काई नाई म्हनून." त्यानं आम्हाला त्या हरभऱ्याचे घाटे खायला दिले. साडभाऊंनी ते खाल्ले. मला ते गिळवेनात.

मग म्हातारा म्हणाला, "गावात देवीचं एक पडकं देऊळ हाये. पोट्टे म्हंतात पाडून नवं बांधू. तुमी पाहून सांगा भाऊ. तुमी म्हनसान तसं करतो." देऊळ लहान होतं, पण दाराच्या चौकटीवर वेलबुट्टी अशी, की पाहताच माझाही श्वास अडकला. चांगलं म्हणावं तर टाइल्स, काही नाही म्हणावं तर जेसीबी. साडभाऊ चौकटीसमोर खूप वेळ उभे राहिले. शेवटी म्हणाले, "मले इचार करू द्या. पुढच्या बारीले येतो, तवा सांगतो."

"तवरोक कोनी हात लावनार नाई," म्हातारा म्हणाला. "माहा शब्द हाये."

त्या संध्याकाळी आम्ही सरोवराच्या काठावर बसलो.

यंदा थंडी पडली तशी मी बॅग भरली आणि अकोल्याला फोन लावला. साडभाऊ म्हणाले, "पाहुणे, थो म्हातारा आपली वाट पाहत असन ना?"

"असेल."

"आपन गेलो नाई तं थो थांबीन ना?"

"शब्दाचा माणूस आहे. थांबेल."

"मंग नाई जात," ते म्हणाले. "गाडी इकून टाकतो."

मी काहीतरी बोलणार होतो, पण त्यांनी माझ्या बायकोच्या तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला.