शाल पांघरून ऐकलेलं भाषण

माझ्या काकाच्या चितेवर सभागृह हसलं. आणि मी मंचावर. अंगावर सत्काराची शाल, मांडीवर नारळ.

आर्वीतलं वाचनालय. विषय : ‘ब्लॉगमुळे सार्वजनिक चर्चेचा दर्जा घसरला आहे काय?’ व्याख्याते एक निवृत्त प्राध्यापक, अध्यक्ष आमच्याच गावचे सरपंच. मला ‘ग्रामीण ब्लॉगलेखक’ म्हणून बोलावलेलं. सत्कारमूर्तीनं हात जोडायचे आणि गप बसायचं, असा रिवाज.

आमच्या गावात स्मशानं दोन. त्यांच्या, म्हणजे सवर्णांच्या, स्मशानाला शेड आहे, बसायला बाकं आहेत. आमच्या वस्तीच्या स्मशानाला आभाळ आहे. काका भर पावसाळ्यात गेला. मी ते ब्लॉगवर लिहिलं, घरी बोलतो तसंच. सरांनी मोबाइल काढला आणि तेच वाचलं :

“पाणी येऊन राह्यलं होतं. आमी चौघं चितेवर टीन धरून उभे होतो. हात भाजले, पण टीन सोडता येत नवतं.”

‘राह्यलं’ असं काही लांबवलं, की पहिली रांग खुर्चीतून घसरायची बाकी होती.

आता, गणपतीतल्या नाटकांत मी खलनायक करतो. सोंग मला लगेच कळतं. सरांनी आधी स्तुती केली : “यांची तळमळ खरी आहे.” मग हशा. मग चष्मा काढला, आवाज खाली आणला : “उद्या तुमच्या सुनेबद्दल कोणी असंच लिहिलं तर?” शेवटी “आपण सुसंस्कृत माणसं” म्हणत हात असा फिरवला, की अख्खं सभागृह आत आणि मी तेवढा बाहेर. काय संवादफेक! शेडबद्दल मात्र एक शब्द नाही.

सरपंच कानाशी वाकले. “माफी मागून घे लेका. लेख काढून टाक. मंग शेडचं पाहू नं आपण.”

मोह झाला. खोटं कशाला बोलू? माझी आई म्हातारी आहे.

पण मग डोक्यात उजेड पडला. ज्या लेखानं यांचं काहीच बिघडत नाही, तो काढायला हे शेड कशाला देतील? म्हणजे लेख यांना झोंबलाय.

उठलो. सरांच्या पुढ्यातला माइक ओढला.

“सर, नक्कल मस्त केली. आता तुमची पाहा.” मी चष्मा काढला. आवाज खाली आणला. “आधी कौतुक. मंग हसू. मंग सुनेचं भेव. मंग आपण-आपण. सारं झालं. आता सांगा, पाणी आलं तं आमी मुडदा कसा जाळाचा?”

कोणी हसलं नाही. मागून एक बाई ओरडली, “सांगा नं सर!”

“खाली बस,” सरपंच गरजले. “काऊन तमाशा करून राह्यला?”

“बसतो नं. शेड कवा?”

त्यांनी घाईघाईनं आभारप्रदर्शन सुरू करायला लावलं.

लेख आहे तिथंच आहे. माफी मागणार नाही. भाषा धुऊन देणार नाही. आई जायच्या आधी शेड उभी करून घेईन. नाही झाली, तर तिला त्यांच्या स्मशानात नेईन. अडवायला या. कोण कोण आलं, तेही लिहीन.