साडूंचं नखाएवढ्या बॅटरीशी वैर

एका नखाएवढ्या वस्तूवर माणसाने किती रागवावं याला काही मर्यादा असते, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या थोरल्या साडूंना एकदा भेटावं. वरणगावची नोकरी संपवून ते धुळ्याला देवपुरात राहायला आले आणि जुन्या लॅपटॉपांतल्या छोट्या बॅटरीशी त्यांनी वैर धरलं. मोठी बॅटरी सगळ्यांनाच ठाऊक असते. पण पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या कित्येक मशिनांत आत, बोर्डाला खेटून, आणखी एक लहानगी असायची. मोठी काढली तरी घड्याळ आणि सेटिंग हिने सांभाळायचं. मशीन वर्षानुवर्षं पडून राहिलं की ती पाझरते आणि बोर्डावरचं तांबं खात सुटते. "मोठी मेली तर एकटी मरते," साडू म्हणतात, "ही बया घर पेटवून मरते!"

कोणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी त्यांचा प्रश्न ठरलेला : "माळ्यावर जुना लॅपटॉप आहे का?" जळगावला आमच्याकडे भरीत आणि कळण्याची भाकरी खायला बोलावलं, तर हे शिडी लावून माळ्यावर. माझं मशीन खाली आणलं, उघडलं आणि आतला हिरवट थर माझ्या नाकासमोर धरला. "वीस वर्षं डोक्यावर विष ठिबकत होतं आणि तुम्ही खाली भरीत ओरपत होतात!" बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती बॅटरी मीच पाझरवली होती. भाकऱ्या गार झाल्या. ती बॅटरी पक्की जोडून ठेवणाऱ्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार झाल्यावरच साडू ताटावर बसले.

पण त्यांचा खरा संताप मी पाहिला तो त्यांची ख्याती ऐकून पिंपळनेरच्या अक्का एक जुना लॅपटॉप घेऊन आल्या तेव्हा. अक्कांचे यजमान शिक्षक होते. गावोगाव फिरून त्यांनी अहिराणी शब्द गोळा केले आणि आपल्या लॅपटॉपवर अर्थासकट लिहून ठेवले. ते गेले आणि मशीन कपाटात बंद झालं. आता चालूच होईना. अक्का एका दुकानात घेऊन गेल्या, तर तिथल्या माणसाने झाकणही न उघडता सांगितलं, "भंगारात द्या."

"भंगारात?" साडू एवढ्याने ओरडले की शेजारचे गॅलरीत आले. "माणसाचा जन्म आहे त्यात!"

मी सुचवलं, "भाऊ, आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर?"

"लावा! अक्षरांच्या जागी किडे-मुंग्या दिसतील. त्या वेळचा मराठी फॉन्ट याच मशीनवर चालतो."

तीन दिवस साडूंनी ते टेबल सोडलं नाही. पाझरलेली बॅटरी उपटली, व्हिनेगरने थर पुसला, खाल्लेल्या रेषांच्या जागी केसासारखी तार जोडली, नवी बॅटरी बसवली. प्रत्येक टाक्याला एक शिवी. चौथ्या दिवशी अक्कांना बोलावलं आणि त्यांच्यासमोरच बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. साडूंचा चेहरा पडला. मग आतून घरघर आली, पडदा उजळला आणि शब्दांची यादी उघडली.

"बठ्ठं शे! सगळं जसंच्या तसं!" अक्का म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून बसून राहिल्या.

यादीतला शेवटचा शब्द होता 'आंडेर'. पुढे अर्थाची जागा कोरी.

"आंडेर म्हणजे लेक," अक्का म्हणाल्या. "इथपर्यंत आले आणि दवाखान्यात न्यावं लागलं त्यांना. लिखा भाऊ तुम्ही."

साडूंनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, 'लेक' लिहिलं.

मशीन साडूंकडेच राहिलं. दर रविवारी सकाळी अक्कांचा फोन येऊ लागला. कधी चार शब्द, कधी एकच. साडू अर्थ विचारायचे, वाद घालायचे आणि अक्का सांगतील तसंच लिहायचे.

गेल्या रविवारी मी देवपुरातच होतो. फोन अक्कांच्या सुनेने लावून दिला. अक्का आता अंथरुणावरच असतात, आवाज पार खोल गेला आहे. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत असावा. साडू फोन कानाशी दाबून, डोळे मिटून बसले होते. बऱ्याच वेळाने ते हळूच म्हणाले, "सावकाश सांगा, अक्का. मला कुठे जायचंय?"