चौथ्या सिलिंडरचा पत्रा

लढाईच्या वर्षांत बेळगावबाहेरच्या धावपट्टीवर मी फिटर होतो. गावाकडचे, कंग्राळीतले आमचे भाऊबंद मला 'इमानवाला', म्हणजे विमानवाला, म्हणायचे. खरं तर निम्मा दिवस मी पत्र्यांशीच झटायचो. आमच्या छोट्या विमानाच्या इंजिनात चार सिलिंडर, एकामागं एक. समोरून येणारा वारा पत्र्याच्या आडोशांनी चौघांना सारखा वाटून द्यायचा, म्हणजे चारही सारखेच तापतात. एवढंच काम, पण नाकी नऊ आणायचं.

एकदा शेवटचा, चौथ्या सिलिंडरजवळचा आडोसा तडकला. नवा काही येईना. मग साहेबाला सांगून बाजारातल्या एका पत्रेकाराला पास काढून आत आणलं. चिमण्या नि डबे करणारा म्हातारा, मी त्याला आप्पा म्हणायचो. जुना पत्रा उलटासुलटा करून तो म्हणाला, "अण्णा, ह्याचा हा कडंचा कान वाकडा हाय. असाच ठेवू?"

"छे! कुणीतरी आपटलाय. सरळ कर." मोठा शहाणा ना मी!

त्यानं लई देखणा पत्रा केला. विमान उडून आलं ते इंजिन धडधडतच. प्लग काढले. तीन बिस्किटाच्या रंगाचे, चौथा पांढराफटक, भाजलेला. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. तो वाकडा कानच चौथ्याकडं वारा वळवत होता.

गोरा साहेब लालेलाल झाला. कान सरळ का केला, विचार त्याला, म्हणाला. आप्पाला इंग्रजी येत नव्हतं, दुभाषा मीच. मी विचारलं. आप्पा माझ्याकडं बघून म्हणाला,

"सांग, माझ्या हातनं चुकलं. तुझी नोकरी जाईल रं. मला काय, बाजारात डबे हाईत."

त्यातलं पहिलं वाक्य तेवढं मी इंग्रजीत सांगितलं. साहेबानं तिथंच पास फाडला.

मग मीच पक्कडीनं कान वाकवत गेलो, विमान उडवून बघत गेलो; तिसऱ्या खेपेला चारही प्लग एका रंगाचे निघाले. साहेबानं पाठ थोपटली. मला स्वतःची शिसारी आली, तरी तोंड उघडलं नाही.

पुढं एकदा आप्पाच्या दुकानावरून मान खाली घालून चाललो होतो. त्यानंच हाक मारली.

"अण्णा, चौथा गार झाला का रं?"

"झाला, आप्पा."

"किती वाकवलास कान?"

मी बोट वाकवून दाखवलं. त्यानं ते नीट निरखलं.

"पास असता तर आत येऊन बघितलं असतं," तो म्हणाला आणि डब्याचा तळ ठोकायला लागला.