भिंतीला टेकवायचा खिळा

आमच्या भाड्याच्या घरात कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं असतं. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, ही घरमालकांची अट. वारा सुटला की चालू महिना नुसता फडफडत राहतो.

आज आयुष्यात पहिल्यांदाच विकत घ्यायचा म्हणून एक फ्लॅट बघायला निघालो होतो. बायको पर्स भरत होती. शिवणाची टेप, पाण्याची बाटली आणि चक्क एक खिळा!

"अगं, नुसतं बघायला चाललोय आपण."

"ठोकणार नाहीये. भिंतीला टेकवून बघेन फक्त."

मला वाटलं, माणूस घरात राहायला जातो ते फार नंतर. त्याआधी कधीतरी त्याचा हात तिथली एखादी जागा धरून आलेला असतो. फ्लॅट पसंत पडेल, न पडेल. निघताना मी कॅलेंडरच्या सुतळीची निरगाठ सोडली आणि तिथे एका ओढीत सुटेल अशी सुरगाठ मारली.