वरच्या टाक्यातलं पाणी

न्हाणीघराची कडी दादानं काढून टाकली होती. गंजली होती म्हणे. गंजलेली कडी काढली की दुसरी बसवतात, एवढं मलाही कळत होतं. पण घरात कुणी तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. मी आंघोळीला गेले की आई बाहेरच्या पायरीवर तांदूळ निवडत बसायची आणि थोड्या थोड्या वेळानं विचारायची, "आत आहेस ना गं?" आत नाही तर कुठे जाणार होते? मी उत्तर द्यायची नाही. नुसता तांब्या बादलीवर आपटायची.

माझा नवरा ओझरच्या कारखान्यात होता. कामावरून परतताना आग्रा रोडवर त्याची स्कूटर घसरली आणि तो गेला. त्यानंतर दादा मला पंचवटीत माहेरी घेऊन आला, आणि तेव्हापासून मी एकटी अशी राहिलेच नाही. झोपताना शेजारी आई. सकाळी पुलापर्यंत वहिनी. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. तिथे शेजारच्या टेबलावरच्या बाई मला डबासुद्धा एकटीला खाऊ देत नसत. सगळी माणसं चांगली होती, तीच तर पंचाईत. वाईट माणसावर निदान ओरडता तरी येतं.

आणि ती कोथिंबीर. रोज सकाळी मी चपला पायात सरकवल्या की आतून आईचा आवाज यायचा, "येताना कोथिंबिरीची एक जुडी आण हं." भाजीबाजार आमच्या गल्लीच्या तोंडाशी. वहिनी सकाळीच ताजी भाजी आणून टोपली भरून ठेवायची. तरी मी संध्याकाळी दमून येताना उरलीसुरली, माना टाकलेली जुडी आणायची. टोपलीत आदल्या दिवशीची तशीच पिवळी पडत असायची. एवढ्या कोथिंबिरीचं करता काय, असं एकदा चिडून विचारलं, तर आई म्हणाली, "लागते गं." मी पुढे बोलले नाही. तेव्हा माझ्या बोलण्यावर घरात सगळेच एकदम गप्प व्हायचे, आणि ते गप्प होणं मला सोसत नसे.

तो डोंगर मला कचेरीच्या कामानं पेठला जाताना एसटीच्या खिडकीतून दिसला होता. त्याची कुणी वाखाणणी केली नव्हती. तिथे किल्ला नव्हता, देऊळ नव्हतं, यात्रा भरत नव्हती. नवऱ्याची आठवण म्हणावी तर तीही नाही. त्याला चढ म्हटला की आधी गुडघे आठवायचे. नुसता एक काळा कातळ, वर थोडं गवत, आणि आसपास कुणी नाही. हे 'कुणी नाही' माझ्या डोक्यात जे बसलं ते निघेना. टाइप करताना ओळी चुकायला लागल्या. एका जागी बसवेना, उभं राहवेना.

दिवाळी होऊन गेल्यावरचा एक रविवार मी ठरवला. पेठला कचेरीची तपासणी आहे, सुट्टी असून बोलावलंय, जीप न्यायला येईल, अशी घरी थाप मारली. आई पूजेला बसली की मधे बोलत नाही, म्हणून मुद्दाम तीच वेळ साधली. पिशवीत पोळी, चटणी आणि दादाचे जुने कॅनव्हासचे बूट घेतले. आईनं घंटा वाजवता वाजवता मान वळवून पाहिलं. तिचे ओठ हलत होते, पण ते स्तोत्र होतं. मी जिना उतरले.

फाट्यावर उतरले तेव्हा ऊन नुकतं चढायला लागलं होतं. कापणी झालेल्या भातखाचरांच्या बांधावरून पाड्यापर्यंत पोचले. शेवटच्या घराच्या खळ्यात एक बाई काठीनं नागलीची कणसं झोडत बसली होती. माझ्या आईच्या वयाची असेल.

"कुठं चालली बाई?"

"वर."

"वर काय हाय?"

"काही नाही. बघायला."

"संगं कोन हाय?"

"कुणी नाही."

हातातली काठी तिनं खाली ठेवली. माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "ईळा नाय, दोर नाय. मोकळ्या हातानं चालली."

मी पिशवी वर करून दाखवली. तिला ती पटली नाही. ती घरात गेली आणि एक पितळी तांब्या घेऊन आली. त्याच्या गळ्याला सुतळी बांधलेली होती.

"वर टाकं हाय पान्याचं. येताना ह्यो भरून आन. वासरू आजारी हाय माझं, त्याला पाजायचंय."

"मावशी, मला जमणार नाही. वर सगळा कातळ आहे."

"जमतंय. माझ्या लग्नातला तांब्या हाय, टाकू नको कुठं. मी हितंच हाय, तू येस्तवर."

एवढं बोलून ती परत झोडायला बसलीसुद्धा. मी तांब्या हातात धरून उभी. इतक्या लांब, इतकं खोटं बोलून आले, तर इथेही कुणीतरी मला आणायला सांगणारं भेटलंच. असा संताप आला, की तांब्या तिथेच खळ्यावर ठेवून द्यावा. पण परक्या बाईच्या लग्नातली वस्तू अशी टाकून जाता येईना. शेवटी सुतळी कमरेला बांधली आणि निघाले.

पाडा दिसेनासा झाल्यावर करवंदीच्या जाळीमागे साडीचा काष्टा घातला आणि बूट चढवले. बूट मोठे होते. पुढे चिंध्या कोंबल्या होत्या, तरी टाच उचलली की निसटायचे. वाळल्या गवतावरून पाय सरकत होता. कुसळं पोटऱ्यांत घुसत होती. थांबून ती काढावीत एवढाही धीर माझ्यात नव्हता. कुणी मागे लागल्यासारखी मी चढत होते, आणि मागे कुणीच नव्हतं. तरी दर वळणावर मी वळून पाहिलं. सवय लागलेली.

गवत संपलं तिथे एक अरुंद घळ सुरू झाली. तिच्यात मोठे धोंडे अडकलेले. हात टेकून, गुडघे टेकून, कधी चक्क पोटावर सरकत मी त्यांच्यावर चढले. प्रत्येक धोंड्याला तांब्या ठणकन आपटायचा. आवाज घळीतून खाली जायचा आणि मला वाटायचं, खळ्यात बसून ती ऐकत असणार. घळीच्या डोक्यावर कातळाचा उभा टप्पा होता. कुणी जुन्या काळी त्यात पाय ठेवण्यापुरत्या खोबण्या खोदलेल्या होत्या, त्यांत माती आणि गवत भरलेलं. बोटांनी माती उकरत वर सरकले. नखं फुटली. टाइपरायटरवर बसायचं आहे उद्या, असं एकदा मनात आलं, आणि त्या ठिकाणी ते इतकं वेड्यासारखं वाटलं की मी मोठ्यानं हसले. स्वतःचं हसणं ऐकून दचकले. कितीतरी महिन्यांत ते ऐकलं नव्हतं.

माथा म्हणजे आमच्या गच्चीएवढी जागा. गवत, वारा, शेंदूर फासलेला एक दगड, आणि कातळात खोदलेलं टाकं. पाणी हिरवट, पण थंड. पश्चिमेला डोंगरामागे डोंगर, पूर्वेला धुरकट सपाटी. हवा स्वच्छ असती तर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी दिसली असती, असं मला उगाच वाटलं. मी बसले. पोळी खाल्ली. आजूबाजूला एकही माणूस नव्हतं.

इथे मला शांत वाटलं असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. इतके दिवस ज्याच्यासाठी जीव कासावीस केला होता ते एकटेपण मिळालं, आणि त्याचं करायचं काय ते मला कळेना. रडू आलं तर रडावं म्हणून वाट पाहिली, तेही आलं नाही. उठले, फिरले, पुन्हा बसले. टाक्यात खडा टाकला. नवऱ्याला चार शब्द बोलावे म्हणून तोंड उघडलं, तर तोंडातून निघालं, "अहो, गवत फार टोचतंय." मग मी तांब्या भरला, त्याच्या तोंडावर रुमाल बांधला आणि खाली निघाले.

कातळ चढताना पाहिला होता तो हाच का, असं वाटावं इतका तो आता वेगळा होता. मी चुकले ती इथे. पाठ कातळाला लावून, तोंड दरीकडे करून उतरायला लागले; जिना उतरतात तशी. दोन खोबण्या मिळाल्या, तिसरी पायाला लागेना. वर परत जाता येईना. बुटाची टाच निसटली. भरलेला तांब्या कमरेला एका बाजूला ओढत होता, आणि खाली घळीचं तोंड सरळ दिसत होतं.

तेव्हा एक विचार आला. दुःखातून आला नाही, रडतकढतही आला नाही. दुखऱ्या दाताला जीभ लागते तसा सहज आला. हात सोडला तर? फार काही करावंसुद्धा लागणार नाही. मी ठरवून काही आले नव्हते. पण घरच्यांची भीती अगदीच बिनबुडाची नव्हती, हे मला त्या खोबणीत उभं राहून पहिल्यांदा कळलं.

आणि लगेच दुसरा विचार. त्या बाईचा तांब्या. मी गेले तर तोही जाणार. ती तिथे खळ्यात बसून राहणार, अंधार पडेपर्यंत, वासरू हंबरत असणार. मला तिचा इतका राग आला की हातात बळ आलं. कुणी सांगितलं होतं हिला माझ्या गळ्यात हे लोढणं बांधायला? दात ओठ खाऊन मी एक हात सोडला, अंग वळवलं आणि तोंड कातळाकडे केलं. तांब्या आपटला, पाणी पायावर सांडलं. छाती कातळाला चिकटवून पाय खाली चाचपडत नेला. खोबणी तिथेच होती, जराशी डावीकडे.

घळ उतरून गवतात पोचल्यावर मी मटकन बसले आणि तांब्यात डोकावून पाहिलं. अर्ध्याच्या वर सांडलं होतं. पितळेला पोचा आला होता. डोक्यात एकच, की तिला सांगायचं काय. उतरताना सगळ्या वाटेनं मी सबबी जुळवत होते: वासरू लहान असेल तर पुरेल, पोचा ठोकून निघेल, नाशिकहून नवा आणून देईन.

ती खरोखरच तिथेच होती. नागली झोडून, पाखडून झाली होती, तरी सूप मांडीवर घेऊन बसली होती. मला पाहिल्यावर उठली. मी तांब्या पुढे केला आणि बोलायला सुरुवात केली. तिनं ऐकलं नाही. तांब्या घेतला, रुमाल सोडून माझ्या हातात दिला, आणि ते पाणी कुडावर चढलेल्या भोपळ्याच्या वेलाच्या मुळाशी ओतून टाकलं.

"अहो मावशी, वासरू?"

"कोनचं वासरू?" ती म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं आणि ती तोंडाला पदर लावून हसली.

ती पोचा अंगठ्यानं चाचपत म्हणाली, "मोकळ्या हातानं कोनी वर निघालं, की आमी कायतरी आनायला सांगतो."

"का?"

"सांगितलं म्हंजी मानूस परत येतं." आणि तिनं तांब्या कुडावर पालथा घातला. "च्या घेशील? कोरा हाय."

मी चहा घेतला. कपाला धरलेल्या बोटांची नखं फुटलेली होती, ती तिनं पाहिली नाहीत असं दाखवलं.

परतीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. डोंगर मागे गेला, मी वळून पाहिलं नाही. गाडी पंचवटीत शिरेपर्यंत मी दुखरे पाय आणि फुटलेली नखं मांडीवर धरून बसले होते. उतरून गल्लीशी आले तेव्हा भाजीबाजार उठायला आला होता. एका बाईच्या पाटीत शेवटच्या दोन-तीन जुड्या पडल्या होत्या, पाणी मारून ओल्या ठेवलेल्या. त्या पाहिल्या आणि मी तिथेच, भर रस्त्यात उभी राहिले. मागून रिक्षावाला भोंगा वाजवायला लागला. दीड वर्ष, रोज सकाळी, आतून येणारा तो आवाज मला त्या क्षणी ऐकू आला.

मी एक जुडी घेतली.

आई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेली होती. माझे कपडे, पोटऱ्यांवरचे ओरखडे, सगळं तिनं पाहिलं. मी जुडी तिच्या हातात दिली. ती जुडीकडेच बघत राहिली.

"आज सांगायची राहिली होती," ती म्हणाली. "पूजेत होते ना. दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता माझा."

मला तिला जवळ घ्यायचं होतं. आमच्यात तशी पद्धत नव्हती. "पाय धुऊन येते," म्हणाले आणि न्हाणीत जाऊन दार लोटून घेतलं. बाहेर पायरीवर ती बसल्याचा आवाज आला. ओरखड्यांवर पाणी झोंबत होतं.

"आत आहेस ना गं?"

"आहे," मी म्हटलं.